पारा ३८ वर असतानाही उष्माघात का होतो? शेतात राबणाऱ्या माणसांसाठी उन्हाळ्यातील काळजी

एप्रिल लागला की शेतकऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. टोमॅटोची फुले गळतात, काय फवारू? पॉलिहाऊसमधील गुलाबाच्या कळ्या लहान राहतात, शेडनेट कधी ओढू? गाय दूध चोरते, गोठ्यात फॉगर लावू का? दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोची फूलगळ वाढते, हे आता बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण त्याच रानात दुपारी दीड वाजता वाकून खुरपणाऱ्या बाईला किती अंश सोसतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख पिकावर नाही, पिकात काम करणाऱ्या माणसावर आहे.

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. गावाच्या भोवती आता उंच इमारती, सिमेंटचे रस्ते आणि पत्र्याच्या शेड आहेत; शेती पवनेकडच्या बाजूला आणि इमारतींच्या मधल्या तुकड्यांत उरली आहे. पुढे कासारसाई-दारुंब्र्याकडे ऊस, तळेगावच्या पट्ट्यात गुलाबाची पॉलिहाऊस, चाकणकडे कांदा-बटाटा आणि मधे महामार्गालगतच्या रोपवाटिका. या साऱ्या पट्ट्यात एक समज पक्का आहे: उष्माघात म्हणजे विदर्भ-मराठवाड्याचे दुखणे, आपल्याकडे हवा बरी असते, पारा ४५ ला कुठे जातो? हा समजच सर्वांत धोकादायक आहे.

खारघरला काय घडले

पुनावळ्याशेजारी किवळ्याला सुरू होणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो. तिथून खारघर हाकेच्या अंतरावर आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो श्रीसदस्य सकाळपासून उघड्या मैदानात बसले होते. त्यातील १४ जणांचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दिवशी परिसरातील तापमानाची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती. ही माणसे नांगरट करत नव्हती, ओझी वाहत नव्हती. ती नुसती बसलेली होती.

३८ अंश हे आपल्याकडच्या एप्रिलमधले रोजचे तापमान आहे. मग एवढी जीवितहानी का झाली? याचे उत्तर पाऱ्यात नाही, घामात आहे.

घाम वाळला तरच उपयोगाचा

शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. आपण काम करतो तेव्हा स्नायू उष्णता तयार करतात. खोदकाम, ओझे वाहणे, पाठीवर पंप घेऊन चालणे यांत ती कित्येक पटींनी वाढते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर थोडी उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की हा मार्ग बंद होतो, उलट हवाच अंग तापवू लागते. त्यानंतर उरतो एकच मार्ग, घाम वाळणे. एक लिटर घाम अंगावरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून मातीत ठिबकणारा घाम मात्र फुकट जातो. त्याने पाणी आणि मीठ जाते, थंडावा मिळत नाही.

हवेत आधीच बाष्प असेल, वारा पडला असेल, अंगात जाड कपडे असतील तर घाम वाळत नाही. किनारपट्टीवर नेमके हेच होते. म्हणून दोन दुपारी शेजारी ठेवून पाहा. एका दुपारी तापमान ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के आहे. दुसऱ्या दुपारी ३८ अंश आणि ४५ टक्के. ओले फडके गुंडाळलेला थर्मामीटर पहिल्या दुपारी साधारण २३ अंश दाखवेल, दुसऱ्या दुपारी २८. सावलीत बसलेल्या माणसाला दुसरी दुपार जड जाते, पारा पाच अंशांनी कमी असूनही. उसात, मक्यात किंवा बंद पॉलिहाऊसमध्ये ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता ही काही नवलाई नाही. तिथे ओला पारा २९ च्या पुढे जातो.

ओला पारा ३५ झाला की निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असा शास्त्रज्ञांचा जुना हिशेब होता. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत ३१ च्या आसपासच आढळली, आणि तीही हलक्या हालचाली करताना. वयस्कर, आजारी किंवा कष्टाचे काम करणाऱ्यांसाठी ती आणखी खाली समजावी.

याचा अर्थ कोरडे ऊन निरुपद्रवी, असा घेऊ नका. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी हवा फार कोरडी असते. घाम येतो आणि क्षणात वाळतो, अंग ओले दिसत नाही, म्हणून घाम येतच नाही असे वाटते. शरीरातील पाणी मात्र वेगाने उतरत असते. मेच्या उत्तरार्धात चित्र पालटते. वळीव पडून जातो, पारा दोन-तीन अंशांनी उतरतो, ढग येतात आणि सगळे म्हणतात, सुटलो बुवा. त्याच दिवसांत पेरणीपूर्व मशागतीची घाई असते आणि हवा दमट झालेली असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीच्या वेळीही थोडाफार हाच प्रकार घडतो. उतरलेल्या पाऱ्याने गाफील होऊ नये.

उष्णतेच्या लाटेचा इशारा आला नाही, म्हणजे धोका नाही असे नव्हे

भारतीय हवामान विभागाचा निकष समजून घ्या. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश झाले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त असेल तर उष्णतेची लाट मानतात. ४५ अंशांना पोहोचले तर सरासरी न पाहताच मानतात. किनारपट्टीसाठी हा आकडा ३७ आहे. पुण्याची एप्रिलची सरासरी कमाल ३८ च्या आसपास आहे. म्हणजे शिवाजीनगरला साडेबेचाळीसच्या आसपास पारा जाईपर्यंत निकष पूर्ण होत नाही. शिवाजीनगर वेधशाळेची आजवरची सर्वाधिक नोंद ३० एप्रिल १८९७ ची, ४३.३ अंशांची आहे. २०१९ च्या एप्रिलअखेरीस पारा ४३ ला पोहोचला होता. थोडक्यात, आपल्याकडे लाट जाहीर होणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. ४० आणि ४१ अंशांचे दिवस मात्र दरवर्षी येतात.

दुसरे असे, की वेधशाळेचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत असतो. तुमचा मजूर त्या पेटीत काम करत नाही. काळ्या जमिनीवर, काळ्या मल्चिंग पेपरवर किंवा पत्र्याच्या शेडखाली अंगाला लागणारी धग मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

त्यामुळे एक साधा उपाय सुचवतो. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला पातळ सुती फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही शेडमध्ये किंवा झाडाखाली, वारा लागेल अशा जागी टांगा. पॉलिहाऊसवाल्यांकडे ओला-सुका थर्मामीटर बहुधा असतोच; तो आजवर रोपांसाठी पाहिला, आता माणसांसाठीही पाहा. ओला पारा २६ च्या पुढे गेला की जड काम कमी करून दर अर्ध्या तासाने सावलीत थांबावे. २८ च्या पुढे जड काम बंद ठेवावे. आणि सुका पारा ४० च्या पुढे असेल तर ओला काहीही सांगो, उघड्या उन्हातील कष्टाचे काम थांबवावे. हे ठोकताळे आहेत. एखाद्याला त्याआधीच त्रास होऊ लागला तर त्याचे अंग थर्मामीटरपेक्षा खरे.

आपल्या पट्ट्यात धोका कुठे लपतो

*पहिला आठवडा.* उन्हात काम करून शरीर हळूहळू तयार होते. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, नाडी ताळ्यावर राहते. याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नोंदींनुसार उघड्यावर उष्णतेने होणारे निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. तिथला सल्ला असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे. लग्नकार्य, आजारपण किंवा गावाकडची सुट्टी यांमुळे आठवड्याभरापेक्षा जास्त खंड पडलेला जुना माणूसही पहिल्या दिवशी निम्म्या कामावर असावा.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येते: आम्ही बीडचे, आम्हाला कसले ऊन लागते? गाव बीडचे असले तरी मधले दोन महिने कंपनीत किंवा खोलीत गेले असतील तर ती सवय अंगातून निघून गेलेली असते. मुकादमाने हे ऐकून हसण्यावारी नेऊ नये.

*पाळी आणि पाळीनंतरची शेती.* चाकण, भोसरी, तळवडे, हिंजवडी या भागांत नोकरी आणि घरची शेती दोन्ही सांभाळणारे अनेक जण आहेत. रात्रपाळी भट्टीजवळ किंवा प्रेसवर काढायची, सकाळी नऊला घरी येऊन दोन तास डोळा लावायचा आणि अकराला कांदा काढायला जायचे. शरीराला रात्रीचा थंडावा आणि झोप मिळाली तरच ते दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला तयार होते. रात्रपाळीनंतर त्याच दिवशी दुपारी रानात जाऊ नका. संध्याकाळी पाचनंतर जा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी पहाटे जा.

*उक्ते काम.* रब्बी कांद्याची काढणी आणि कापणी बहुतेक ठिकाणी एकरावर उक्ती दिली जाते. रोजंदारीवरचा माणूस दहा मिनिटे सावलीत बसला तर मालक ओरडतो. उक्त्यावरची टोळी स्वतःच बसत नाही, कारण बसले की हजेरी पडत नाही. दोन्हीत तोटा माणसाचाच. उक्त्याचा दर ठरवतानाच विश्रांती धरून ठरवा. सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते सात असे काम ठेवले तर एकरी खर्च फारसा वाढत नाही, एखादा दिवस जास्त लागतो. कांदा एका दिवसाने नासत नाही.

कांद्यावरून आठवले. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असे आपल्याकडे मानतात. ठेवायचा तर ठेवा, त्याने काही बिघडत नाही. पण खिशात कांदा आणि बांधावर कोरडी बाटली, असे चालणार नाही.

*पॉलिहाऊस आणि शेडनेट.* सावली आहे म्हणजे थंड आहे, अशी इथे फसगत होते. पॉलिहाऊसचे पडदे बंद असतील तर आत वारा नाही. दुपारी फॉगर चालवला की तापमान उतरते आणि आर्द्रता चढते. फुलाला ते मानवते, माणसाला नाही. तोडणी, बेंडिंग, तण काढणे ही कामे दहाच्या आत उरका. नंतर जाणे भागच असेल तर आधी पडदे आणि वरच्या खिडक्या पूर्ण उघडा आणि दोघांनी मिळून जा. बंद शेडमध्ये दुपारी एकट्याने काम करू नये. कोणी पडले तर संध्याकाळी पाणी सोडायला येणाऱ्यालाच ते कळेल.

*फवारणी.* २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हापासून मास्क, हातमोजे, पूर्ण कपडे वापरा असे सगळे सांगतात. बरोबरच आहे. पण तो पोशाख दुपारी घालून पाहा. दहा मिनिटांत घामाच्या धारा लागतात आणि माणूस मास्क खाली ओढतो. त्यात उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो, अंग ओले असते, त्यामुळे कीडनाशक त्वचेतून जास्त शोषले जाते. म्हणजे दुपारच्या फवारणीत ऊन आणि विष एकमेकांना हात देतात. शिवाय द्रावण लवकर वाळून पिकालाही पुरते लागत नाही. फवारणी सकाळी नऊपर्यंत किंवा ऊन कलल्यावर, वारा शांत असताना करा.

*महिला मजूर.* रानात बायका पाणी कमी पितात. त्यांना तहान नसते म्हणून नव्हे; आडोसा नसतो म्हणून. पुनावळ्यासारख्या ठिकाणी चारी बाजूंना इमारतींच्या गॅलऱ्या असताना बांधाआड जाण्याचीही सोय राहिलेली नाही. पाण्याचे दहा जार आणले तरी ही अडचण सुटत नाही. चार बांबू आणि जुन्या शेडनेटचा आडोसा, आत पाण्याची बादली, एवढे तरी मालकाने करायला हवे. विस्तार कार्यकर्त्यांनी उष्णतेवरच्या बैठकीत हा मुद्दा स्वतःहून काढावा, कारण पुरुषांसमोर बायका तो काढणार नाहीत. गरोदर महिलेला दुपारचे काम देऊच नये.

मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मानसिक आजारावरील औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. औषध मनाने बंद करू नये. आदल्या रात्री दारू झाली असेल तर दुसऱ्या दिवशी उन्हात काम नको.

पाणी: किती, कसे

तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. उन्हात काम करताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेलाभर, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी प्यावे. तासाला सुमारे दीड लिटरपेक्षा जास्त मात्र पिऊ नये. घामाने मीठ गेलेले असताना नुसते पाणी ढोसल्यास रक्तातील मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दोन तासांपेक्षा जास्त घाम गळत असेल तर मधून मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, पन्हे, कोकम सरबत, भाताची पेज यांपैकी काही घ्या. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळा. एक लिटरचे पाकीट पेल्यात ओतू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. वेळेवर भाकरी-भाजी पोटात जात असेल तर मिठाच्या गोळ्यांची गरज नाही. उपाशीपोटी मात्र उन्हात जाऊ नये. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पाणी कामाच्या सरीजवळ हवे. विहिरीवर आहे की, जाऊन प्या, असे सांगितल्यावर कोणी काम सोडून दोनशे पावले जात नाही. मडके किंवा ओले गोणपाट गुंडाळलेला कॅन माणसांबरोबर पुढे सरकत राहिला पाहिजे.

लघवीचा रंग ही रोजची तपासणी समजा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, चहासारखी असेल तर शरीर पाणी मागते आहे. ऊसतोड करणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात काम करणाऱ्या हजारो तरुणांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. वर्षानुवर्षे उष्णतेचा ताण आणि पाण्याची कमतरता हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. तिथे आता फडात पाणी, विश्रांती आणि सावली यांची सक्ती करण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्याकडे तोडणी मार्चपर्यंत चालते, उन्हाचा शेवटचा महिना तिच्या वाट्याला येतोच. एक सवय तर आजच सोडा: दिवसभर घाम गाळून संध्याकाळी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेणे. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला थेट इजा करतात.

ओळखायचे कसे

पोटरीत किंवा पोटात गोळे येणे ही पहिली सूचना. त्यानंतर डोके दुखणे, मळमळ, चक्कर, भरपूर घाम, गळून गेल्यासारखे वाटणे. या टप्प्यावर माणूस शुद्धीत असतो, नीट उत्तरे देतो. त्याला सावलीत झोपवा, पाय थोडे वर ठेवा, अंग ओले करा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर दवाखाना गाठा. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा काम नाही.

उष्माघाताची खूण डोक्यात असते, त्वचेवर नाही. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, असे अनेकांना वाटते. काम करता करता होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. म्हणून बोलून पाहा. तुझे नाव काय? आज वार कोणता? कोणाच्या रानात आहेस? तो असंबद्ध बोलला, चिडला, अडखळला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघातच समजावा. दारू प्यायलाय, नाटक करतोय, झोपू दे जरा, यात वेळ घालवला की जीव जातो.

आधी थंड करा, मग हलवा

उष्माघातात आतील तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांची किती हानी होईल, हे ते किती वेळ तिथे राहते यावर ठरते. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झाले तर बहुतेक जण वाचतात. वाकड-हिंजवडीच्या वाहतुकीत तो अर्धा तास गाडीतच जातो. म्हणून १०८ ला फोन एकाने करावा आणि बाकीच्यांनी तिथेच, त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करावी.

- सावलीत आणा. बूट आणि वरचे कपडे काढा. बाईमाणूस असेल तर आडोसा धरा, पण संकोचापायी थांबू नका.
- ताडपत्री चौघांनी कडा उचलून धरली की हौद तयार होतो. त्यात माणसाला झोपवून गार पाणी ओता, बर्फ मिळाला तर टाका, पाणी हलवत राहा. एकाने डोके सतत वर धरून ठेवावे. गुरांच्या पाण्याचा हौद जवळ असेल तर तोही चालतो. शेततळ्यात उतरवू नका; प्लास्टिकवरून पाय घसरून दोघेही बुडतील.
- ताडपत्री नसेल तर अंगभर सतत पाणी ओता आणि सुपाने, पुठ्ठ्याने, पंख्याने जोरात वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार फडकी ठेवा.
- उन्हात पडलेल्या काळ्या पाइपमधील पहिले पाणी कढत असते. ते वाहू द्या, गार आल्यावर वापरा. फवारणी पंपातील किंवा खताच्या टाकीतील पाणी अंगावर घेऊ नका.
- शुद्ध हरपत असलेल्याला पाणी, ताक, कांद्याचा रस, काहीही पाजू नका. ते फुप्फुसात जाते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.
- पॅरासिटॅमॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही. गोळीने तो उतरत नाही आणि यकृतावर ताण येतो.

माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की गार पाणी थांबवा. तरीही रुग्णालयात न्यायचेच. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. जवळ दुसरे मोठे रुग्णालय असेल तर तिथे न्या. वाटेत गाडीच्या काचा उघड्या, अंग ओले आणि वारा चालू ठेवा.

फवारणी करताना कोणी पडले तर ऊन की विष, असा पेच पडतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, स्नायू फडफडणे ही विषबाधेची लक्षणे. पण निदान करत बसू नका. दोन्हींत पहिले काम एकच आहे: कपडे काढा, भरपूर पाण्याने अंग धुवा, १०८ बोलवा. स्वतः हातमोजे घाला आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल डॉक्टरांसाठी सोबत पाठवा.

रुग्णवाहिकेला रान सापडत नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. सोसायट्यांच्या गल्लीबोळांत शेताला पत्ता नसतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच शेतापर्यंतची खूण, जवळच्या सोसायटीचे किंवा देवळाचे नाव आणि मोबाइलवरचे लोकेशन मुकादमाच्या फोनमध्ये साठवून ठेवा. फोन झाल्यावर एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा.

रात्रीची खोली

मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या दिवसभर तापतात आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. भोवती सिमेंट असल्याने पुनावळ्यासारख्या भागात रात्री पूर्वीसारख्या निवत नाहीत. पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या. जुने शेडनेट पत्र्याला चिकटवू नका, वर फूटभर अंतर सोडून ताणा. पत्रा आणि जाळी यांमध्ये हवा खेळली तरच फरक पडतो. उसाचे पाचट टाकण्याची पद्धत आहे, पण उघड्या वायरी आणि चूल जवळ असताना ते आगीला आमंत्रण ठरते. समोरासमोर झरोके नसतील तर पत्र्याच्या वरच्या कडेला फट ठेवा. पंख्याचाही भरवसा किती धरायचा ते लक्षात घ्या: खोलीत ३८-४० अंश असतील तर पंखा गरम हवाच अंगावर मारतो. आधी अंग किंवा चादर ओली करा, मग पंखा लावा.

हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मेघदूत ॲपवर तो जिल्हानिहाय मराठीत पाहता येतो. पाच दिवसांचा अंदाज पाहून काढणीच्या टोळीची तारीख ठरवता येते, आगाऊ उचल देण्यापूर्वीच. शंका असल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक किंवा नारायणगाव आणि बारामतीची कृषी विज्ञान केंद्रे आहेत.

ज्याला एकदा उष्माघात झाला, त्याचे शरीर पुढे काही आठवडे उष्णता नीट सोसत नाही. दवाखान्यातून सोडले म्हणजे दुसऱ्या दिवशी कामावर, असे करू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही त्याला नव्या माणसासारखेच वागवा: पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम, सकाळच्या वेळेत, सावलीजवळ आणि दुसऱ्याच्या नजरेसमोर.